देलिमाची जागा

न्यायाधीशांनी देलिमाबद्दल काय ठरवलं, ते तिच्या आईला देलिमानंच समजावून सांगितलं.

नाताळच्या आधीचा आठवडा होता. कोर्टाचा दुभाषा आजारी पडला होता आणि फ्रेंच समजणारं दुसरं कोणी तिथं नव्हतं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहत पोरीलाच विचारलं, "इंग्रजी येतं ना तुला? मग सांग आईला." आणि बारा वर्षांची देलिमा दोन्ही हात मफलरमध्ये गुंडाळून उभी राहिली, एकेक वाक्य ऐकत गेली आणि आईला, एक्सिल्डाला, सांगत गेली.

"आई, ते म्हणतात, मी दुपारची शाळा चुकवते ती सवयच झालीय. ते म्हणतात, अशा मुलांना ठेवायची जिल्ह्याची शाळा आहे, पण तिथं फक्त मुलगे घेतात. मुलींना जागाच नाही. ते म्हणतात, म्हणून आपणच चांगली जागा सुचवायची. नववर्षानंतरच्या पहिल्या शनिवारी येऊन सांगायचं." जरा थांबून तिनं पुढचं वाक्य ऐकलं. "नाही सुचवली, तर राज्याच्या सुधारशाळेत. मोठी होईपर्यंत."

सुधारशाळेत कशा मुली असतात ते छोट्या कॅनडात, म्हणजे कॅनडातून अमेरिकेत गिरणीकामाला आलेल्या फ्रेंच कुटुंबांच्या वस्तीत, सगळ्यांना ठाऊक होतं. चोरी केलेल्या, घरातून पळालेल्या, त्याहून वाईट झालेल्या. एक्सिल्डाच्या मनात मात्र वेगळंच रुतून बसलं. पोरीनं शेवटचं वाक्यसुद्धा गाळलं नव्हतं. मोठं माणूस असतं तर निदान तेवढं तरी गिळलं असतं.

बाहेर ओसरीत कोर्टाची बाई, मिस टॉलमन, मागोमाग आली. आवाज खरखरीत, पण डोळे बरे. तिनं आणखी एक वाट सांगितली, तीही देलिमाच्या तोंडून. मुलीला घरीच राहता येईल, देखरेखीवर. पण घरातल्या कोणीतरी कोर्टात उभं राहून हमी द्यायची, की सकाळी हिला शाळेच्या दारात पोचवीन, दुपारी जेवायला आणीन, परत पोचवीन. आणि ते माणूस दिवसा कामावर जाणारं नको.

पातनो घराण्यात दिवसा कामावर न जाणारं एकच माणूस होतं. एक्सिल्डाचे सासरे, म्हातारे ओनेझिम. आणि ते त्या घटकेला कोर्टाच्या पायऱ्यांखाली बर्फात काठी टेकून उभे होते. आत येणार नव्हते. एक्सिल्डाचा नवरा आर्सेन गिरणीच्या पट्ट्यात सापडून गेला, त्या वर्षी याच इमारतीत ठरलं होतं की चूक आर्सेनची. पोटच्या पोराचा मरणानंतर झालेला तो पाणउतारा ऐकून म्हातारे तिथून थेट देवळात गेले होते, संत आनच्या पायाशी मेणबत्ती लावली होती आणि नवस बोलले होते, की त्या इमारतीचा उंबरा मी जन्मात पुन्हा ओलांडणार नाही. घरात त्या नवसाबद्दल कोणी बोलत नसे. वाटेत खांब असावा आणि सगळ्यांनी न बोलता वळसा घालून जावं, तसं चालायचं.

एक्सिल्डाही वळसा घालायची. नवस म्हणजे काय ते तिला समजत होतं. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायच्या आत तिची जपमाळ पुरी व्हायची, आणि आर्सेन गेल्यापासून शुक्रवारी तिनं पाव-पाण्याशिवाय तोंडात काही घातलं नव्हतं. दुसऱ्याच्या नवसाला हात लावायचा नाही, एवढं तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

पण नववर्षाच्या सकाळी, मोठ्या प्रार्थनेच्या वेळी, देवळात गुडघे टेकलेले असताना तिच्या मनात एक गोष्ट स्वच्छ झाली. ती उठली तेव्हा तिचे गुडघे दुखत होते आणि मन दुखत नव्हतं.

घरी आल्यावर दिराच्या, ओविलाच्या, हसण्यानं सगळी खोली भरली. तो आणि त्याची बायको रोझाल्मा पलीकडच्या गल्लीत राहत, पण नववर्षाला सगळे म्हाताऱ्याच्या खोलीत जमत. खिमा भरलेल्या तुर्तिएर भट्टीत तापत होत्या, दालचिनी-लवंगेचा वास जिन्यापर्यंत गेला होता. ओविलानं कोट काढला, भट्टीत डोकावला आणि म्हणाला, "वहिनी, या वासावर पोट भरायचं असेल तर मी आत्ताच घरी जातो."

"जा की," रोझाल्मा म्हणाली. "तुझ्या वाटणीची मी खाते."

म्हातारे खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत बसले. केस पाण्यानं चापून बसवलेले, सदऱ्याची वरची गुंडी लावलेली. आता आशीर्वाद व्हायचा. थोरल्या लेकरानं पुढे होऊन गुडघे टेकायचे, सगळ्यांच्या वतीनं मागायचं, आणि मग बाप हात उचलायचा. मागितल्यावाचून हात उचलायचा नाही, आणि हात उचलल्यावाचून कोणी घास तोंडात घालायचा नाही. थोरली आल्फोंसिन. चव्वेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची, जन्म सूतखात्यात गेलेला. ती एप्रन सोडून ठेवायला लागली.

"थांब जरा, ताई," ओविला म्हणाला. "ते देलिमाचं आधी मिटवून टाकू. म्हणजे आशीर्वाद कसा मोकळ्या मनानं घेता येईल. मी सांगू का? सगळं ठरलेलंच आहे. रोझाल्माच्या भावाकडे पाठवू, कॅनडात. मोकळी हवा, गाई, दूध. तिथं या कोर्टाचा हात पोचत नाही."

"भाऊ आनंदानं ठेवील," रोझाल्मा म्हणाली.

"जुळी झालीत ना त्यांना?" एक्सिल्डानं विचारलं.

"हो. दोन्ही मुलगे. का गं?"

"काही नाही. ठेवील आनंदानं, खरंच आहे."

रोझाल्माच्या गालावर लाली चढली. "काम केलं तर काय झिजते का पोरगी? मी सहा भावंडं वाढवली."

"आणि शाळेत किती दिवस गेलीस?" एक्सिल्डानं हळूच विचारलं. ती कधीच मोठ्यानं बोलत नसे, म्हणून तिचं बोलणं ऐकायला माणसं गप्प होत.

"दोन हिवाळे. आणि माझं काही अडलं नाही."

"कॅनडा लांब पडतं," आल्फोंसिन म्हणाली. "नन्सच्या घरी पाठवावं, शहरात. मी फादरांशी बोललेय. शिवण शिकवतील, प्रार्थना शिकवतील. कोर्टालाही ते चालेल. मी रोज तिच्यासाठी जपमाळ ओढीन."

"तिथं कपडे धुण्याच्या खोलीत बायका कोण असतात, ते विचारलंस का फादरांना?" ओविला म्हणाला. "सुधारशाळेतून सुटलेल्या असतात निम्म्या."

"देवाच्या घरात कोण कुठून आलं ते विचारत नाहीत."

"ताईंचं बरं आहे," रोझाल्मा भिंतीकडे बघत म्हणाली. "पोरगी दुपारची शाळेत का जात नव्हती, तेही कोणी विचारू नये म्हणतात."

"रोझाल्मा," एक्सिल्डा म्हणाली.

पण बोलून झालं होतं. आल्फोंसिननं दोन्ही हात टेबलाखाली नेले.

त्यात गुपित काही नव्हतं. दुपारच्या भोंग्याला छोट्या कॅनडातली सगळी पोरं घरून गरम डबे घेऊन गिरणीत धावत. आई-मावश्या जेवत, तोवर पोरं सूत कातणाऱ्या चात्यांपाशी उभी राहून बघत, मग हळूहळू तुटलेला धागा जोडायला शिकत. आल्फोंसिन तशीच शिकली होती, आर्सेन तसाच, ओविलाही. घराण्यात सगळे याच वाटेनं गिरणीत शिरले होते आणि याला कोणी शाळा चुकवणं म्हणत नव्हतं. देलिमाचं एवढंच वेगळं झालं की डबा रिकामा झाल्यावर ती परत निघाली नाही. आत्याच्या उजव्या हाताची बोटं थरथरू लागली होती, गाठ बसत नव्हती. मुकादमानं पाहिलं असतं तर ओळीतून काढलं असतं. म्हणून पोरगी तास-दोन तास उभी राहायची आणि गाठी मारायची. लहान बोटं, झटपट. मुकादम दुसरीकडे बघायचा. हे कोर्टात सांगितलं असतं, तर आल्फोंसिनची नोकरी गेली असती. गिरणीच्या चाळीतल्या खोल्या मिळायच्या त्या घरातली दोन माणसं कामावर असतील तर. एक माणूस कमी झालं, की खोली गेली. याच कारणानं एक्सिल्डालाही काम सोडून घरी बसता येत नव्हतं. हे तिनं मनात बरंच घोळवलं होतं आणि मग घोळवणं सोडून दिलं होतं.

"मग?" ओविला म्हणाला. "वहिनी, तूच सांग. आई तू आहेस."

"मला तिला घरी ठेवायचंय," एक्सिल्डा म्हणाली. "आणि शाळेत."

"कोण नेणार-आणणार? गिरणीचा भोंगा?"

एक्सिल्डा सासऱ्यांकडे वळली. म्हातारे खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

"आल्फोंसिन," ते म्हणाले, "जेवण गार होतंय. ऊठ. माग."

"बाबा," एक्सिल्डा म्हणाली, "हे ठरल्याशिवाय मी गुडघे टेकणार नाही."

रोझाल्मानं छातीवर क्रूस काढला. ओविलाचं तोंड उघडं राहिलं. त्या घरात भांडणं झाली होती, भांडी फुटली होती, एकदा तर आर्सेन आणि ओविला जिन्यावर एकमेकांच्या उरावर बसले होते. पण वर्षाच्या पहिल्या दिवशी आशीर्वादाला कोणी आडवं आलं नव्हतं. वर्षभर घरावर बापाचा हात नाही, ही कल्पनाच कोणी केली नव्हती.

"सुनेनं सासऱ्याला अटी घालायच्या," म्हातारे सावकाश म्हणाले. "हे कुठं शिकलीस?"

"देवळात शिकले. आज सकाळी."

"देवळात नवस मोडायला शिकवतात होय?"

तो शब्द पहिल्यांदाच कोणी त्या खोलीत मोठ्यानं उच्चारला होता, आणि उच्चारला होता त्यांनीच. एक्सिल्डानं खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"मोडा असं मी म्हणणार नाही. मी स्वतः पाळते, बाबा. नवस कसा चालवावा लागतो ते मला ठाऊक आहे. तुम्ही आर्सेनसाठी बोललात. माझ्या नवऱ्यासाठी. तेव्हा या घरात तुमच्या नवसाचा मान माझ्याइतका कोणी राखला नसेल." ती आणखी पुढे वाकली. "माझं म्हणणं एवढंच. कॅनडाचं बोलून झालं, नन्सचं झालं, सुधारशाळेचं झालं. चौथी जागा हेच घर आहे, आणि तिच्या दारात तुमचा नवस उभा आहे. तोही बोलण्यात येऊ द्या. मग काय ते ठरवा. तुम्ही नाही म्हणालात, तर मी पोरीला स्वतःच्या हातानं कॅनडाच्या गाडीत बसवीन आणि तुम्हाला शब्दानं बोलणार नाही. पण न विचारता तिला पाठवणार नाही."

"देवाशी घासाघीस चाललीय ही," ओविला पुटपुटला.

"तू गप," आल्फोंसिन म्हणाली.

ती उठली होती. एप्रन हातात तसाच. खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. म्हाताऱ्यांनी सवयीनं पाय जवळ घेतले, तिला टेकायला जागा केली. ती टेकली नाही.

"बाबा, माझ्यानं मागवत नाही."

"तूही?"

"माझी बोटं चालत नाहीत म्हणून ती उभी राहिली. एक दिवस मी तिला जा म्हटलं नाही. मुकादम वळला, की मला बरं वाटायचं. आता तिला लांब पाठवून तिच्यासाठी जपमाळ ओढीन म्हणते." तिनं हात पुढे केला. उजवा हात, उघड्यावर, थरथरणारा. "हा हात घेऊन कसा मागू आशीर्वाद? मला चात्यांवरून काढलं, तर खाली कापूस वेचण्याच्या खात्यात जाईन. मजुरी कमी, पण खोली राहते. कालच मुकादमाला विचारून आलेय."

एक्सिल्डाला हे ठाऊक नव्हतं. तिनं नणंदेकडे पाहिलं. वेचण्याच्या खात्यात सोळा-सतरा वर्षांच्या पोरी उभ्या राहत आणि धूळ इतकी, की संध्याकाळी थुंकी काळी पडे. आल्फोंसिन तिथं जाणार होती आणि कोणाला न सांगता विचारूनही आली होती.

म्हातारे खुर्चीत वळले. मग त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. "तू. इकडे ये."

देलिमा आली. चांगले बूट, नवी वेणी, आणि चेहऱ्यावर कोर्टात होता तसाच भाव. समोरच्याचं पुरतं ऐकून घेणारा.

"सगळे तुझं ठरवतायत. तुला कुठं जायचंय?"

"शाळेत."

"कुठल्या?"

"त्याच. पुलापलीकडच्या. तिथं मोठा नकाशा आहे, आजोबा. त्यात आपलं गावच नाही. बाई म्हणाल्या, लहान आहे म्हणून नसेल. मी म्हटलं, नदी दाखवलीय, मग गाव इथंच हवं. त्यांनी पेन्सिलीनं मला टिंब काढू दिलं."

"न्यायाधीश तुझ्यावर ओरडले होते का?"

"नाही. त्यांनी विचारलं, घरात मोठं कोण? मी म्हटलं, आजोबा. मग ते कुठायत? मी म्हटलं, बाहेर, पायऱ्यांपाशी. मग म्हणाले, एवढ्या बर्फात उभे का, आत का येत नाहीत?"

 न्यायाधीश आधी पोरीशी काहीतरी बोलले होते, हे एक्सिल्डाला आठवलं. नाव-गाव विचारत असतील असं तिनं धरलं होतं.

"मग?" म्हातारे म्हणाले. "काय सांगितलंस?"

"मला सांगायचं होतं, आजोबा. पण बाबा गेले तिथपासून सगळं सांगावं लागलं असतं. आणि ते तुमचं होतं, मी कसं सांगू?" तिनं आईकडे पाहिलं, मग पुन्हा आजोबांकडे. "म्हणून म्हटलं, त्यांना थंडी आवडते."

पहिल्यांदा ओविलाच फुटला. त्याचं हसू दाबता दाबता नाकातून आलं, मग रोझाल्मा, मग आल्फोंसिन एप्रनमध्ये तोंड लपवून. म्हाताऱ्यांचे खांदे हलू लागले. संधिवातानं वाकलेला, नोव्हेंबर लागला की भट्टीपासून हातभर न सरकणारा माणूस.

"थंडी आवडते," ते म्हणाले. "आणि त्यांना खरं वाटलं?"

"ते म्हणाले, कॅनडाची माणसं विचित्र असतात."

ओविला पुन्हा हसला. म्हातारे मात्र थांबले. डोळे पुसले, हसून आलेलं पाणी होतं, की आणखी कशाचं, एक्सिल्डानं पाहिलं नाही. पाहणं बरं दिसलं नसतं.

"पोरीला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं," ते म्हणाले. "न्यायाधीशासमोर."

"लहानसंच, आजोबा. मी पापनिवेदनात सांगितलंय."

"हं." त्यांनी काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये घेतली आणि मुठीवर हनुवटी टेकली. "उद्या फादरांकडे जातो. नवस बदलून द्यायचा अधिकार त्यांना आहे. एकाच्या जागी दुसरा देतील. कठीण देऊ देत. कठीणच द्या म्हणून सांगेन."

"आणि नाही म्हणाले तर?" ओविलानं विचारलं.

"तर परवा पुन्हा जाईन. शनिवारपर्यंत त्यांना दुसरं काही सुचू देणार नाही."

"बाबा, पण तुमचा गुडघा? रोज चार खेपा, पुलावरून, जानेवारीत?" आल्फोंसिननं विचारलं.

"तुला काय वाटतं, न्यायाधीश खोटं ऐकून बसलेत ते खरं करायला नको?" म्हातारे सुनेकडे वळले. "झालं समाधान?"

"शनिवारी झालेलं असेल," एक्सिल्डा म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग मान हलवली, रागानं नव्हे. "आर्सेन म्हणायचा, ही हळू बोलते म्हणून फसू नका." त्यांनी पाय जवळ घेतले. "आल्फोंसिन."

या वेळी आल्फोंसिन टेकली. मागे ओविला, रोझाल्मा, देलिमा. शेवटी एक्सिल्डा. थोरलीनं सगळ्यांच्या वतीनं मागितलं, शेवटचं अर्धं वाक्य राहून गेलं, पण म्हाताऱ्यांनी ते पुरं झाल्यासारखं धरलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं त्यांचा हात वर गेला आणि हवेत क्रूस काढून खाली आला. एक्सिल्डानं डोळे मिटले होते. तिला वाटलं होतं, आता रडू येईल. आलं नाही. शनिवार डोक्यात होता, फादर होते, कोर्टात घालायला म्हाताऱ्यांचा काळा कोट दुरुस्त करायचा होता.

ती उठली आणि म्हणाली, "बाबा, आत्ताच एकदा वाट चालून बघता का? देलिमा दाखवील. कुठं बर्फ साचतं, कुठं घसरतं."

"आत्ता?" रोझाल्मा म्हणाली. "शाळा आज बंद आहे!"

"म्हणूनच. गर्दी नाही, घाई नाही."

म्हातारे काठी टेकून उठले. त्यांनी टोपी मागितली. ओविलानं त्यांना कोटात हात घालायला मदत केली आणि जिन्यापर्यंत पोचवून आला.

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पूल दिसत होता आणि पलीकडचा, कोर्टावरून शाळेकडे जाणारा रस्ताही. दोन ठिपके पुलावर आले, एक वाकलेला, एक उड्या मारणारा, मग उड्या थांबल्या आणि दोन्ही एका चालीनं निघाले. कोर्टाच्या पायऱ्यांपाशी मोठा ठिपका थांबला. एक्सिल्डाचा हात पडद्यावर तसाच राहिला. पोरीनं वर पाहून काहीतरी म्हटलं असावं. म्हाताऱ्यांनी काठीनं बंद दाराकडे दाखवलं, काही बोलले, आणि मग दोघं शाळेच्या दिशेनं पुढे गेले, कोपऱ्यावरून वळून दिसेनासे झाले.

"वहिनी," ओविला मागून म्हणाला, "तुर्तिएर गार झाल्या ना. वाढायचं का?"

"परत भट्टीत ठेव," एक्सिल्डा म्हणाली. "ते आल्यावर जेवू."